ग्योटिंगेनचे पाच दिवस: एक तारखात्यातले, एक व्याकरणातली

आमच्या घरात मतभेद सहसा भाजीवरून होतात. जर्मनीतल्या ग्योटिंगेनला जायचं ठरलं तेव्हा मात्र ते मेलेल्या माणसांवरून झाले. भाचीचा भौतिकशास्त्रातला प्रबंध पूर्ण होत आला होता. "मावशी, माझा व्हायव्हा बघायला तू आणि काका याच," असा तिचा हट्ट. त्यावर ह्यांनी लगेच जाहीर केलं, "मला गाउस आणि वेबरची तार बघायची आहे." मी म्हटलं, "मला कीलहॉर्न बघायचाय." ह्यांची एकतीस वर्षं पुण्याच्या तारऑफिसात गेली, माझी शाळेत संस्कृत शिकवण्यात. भाची म्हणाली, "दोघांनाही पुरून उरेल एवढी मंडळी या गावात मेलेली आहेत, या तर खरं."

पहिला दिवस

फ्रांकफुर्टहून ग्योटिंगेन रेल्वेने दोन तासांच्या आत येतं. जून होता, बाहेर हिरव्यागार टेकड्या, आणि डब्यात अशी शांतता की ह्यांनी चिवड्याची पिशवी उघडली तर सात-आठ माणसांनी माना वळवल्या.

स्टेशनातून बाहेर आलो तर समोरच दगडी चौथरा. भलामोठा, आणि वर काहीच नाही. मला वाटलं पुतळा दुरुस्तीला गेला असेल. आपल्याकडे असा रिकामा चौथरा दिसला की पुढे कुणाची तरी जयंती असते. भाची हसायला लागली. पुतळा नाहीच, हेच ते स्मारक.

हा प्रकार कळायला थोडं मागे जावं लागतं. १८३७ साली इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया आली. तोवर इंग्लंडचा राजा तोच हानोव्हरचाही राजा असायचा, पण हानोव्हरच्या कायद्यात बाईला गादी नव्हती. म्हणून तिचा काका एर्न्स्ट आउगुस्ट तिथला राजा झाला आणि आल्या आल्या त्याने १८३३ची राज्यघटना रद्द करून टाकली. ग्योटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला: आम्ही त्या घटनेची शपथ घेतली आहे, ती मोडून विद्यार्थ्यांसमोर कोणत्या तोंडाने उभं राहू? डिसेंबरात सातही जण बडतर्फ झाले आणि तिघांना तर तीन दिवसांत राज्य सोडायला लावलं. त्या तिघांत याकोब ग्रिम होता, सातांत त्याचा धाकटा भाऊ विल्हेल्मही. परीकथांचे ग्रिम बंधू, ते हेच. हिमगौरीच्या गोष्टी गोळा करणाऱ्या माणसाला राजाने तडीपार केलं होतं हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

राजाचा घोड्यावरचा पुतळा हानोव्हर स्टेशनासमोर आजही आहे. त्यावर कोरलंय, 'राजाला, त्याच्या एकनिष्ठ प्रजेकडून'. त्याच पुतळ्याच्या चौथऱ्यासारखा चौथरा एका शिल्पकर्तीने २०१५मध्ये ग्योटिंगेन स्टेशनसमोर उभा केला. घोडा नाही, राजा नाही. वर कोरलं, 'राजाला, त्याच्या ग्योटिंगेनच्या सातांकडून'. इतका सभ्य टोमणा पुण्याबाहेर मी पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी गावात चक्कर मारली. जुन्या गावातली घरं लाकडी चौकटींची, मधे चुन्याच्या भिंती, तुळयांवर कोरीवकाम. भिंतींवर ठिकठिकाणी पांढऱ्या संगमरवरी पाट्या: नाव, तो काय करायचा ते, आणि इथे कोणत्या साली राहायचा ते. बस. १८७४पासून ही पद्धत आहे आणि आता अशा पाट्या तीनशेच्या वर गेल्यात. पहिल्या तासात मी उभी राहून प्रत्येक पाटी वाचली. कवी, खगोलशास्त्रज्ञ, कायदेपंडित, वनस्पतिशास्त्रज्ञ. विद्यार्थी म्हणून वर्षभर भाड्याने राहून गेलेल्यांनाही पाटी आहे. खाली मोबाइलचं दुकान, वर तत्त्वज्ञ. दुसऱ्या तासात माझी मान दुखायला लागली आणि ह्यांना भूक.

विद्यापीठ १७३४ साली स्थापन झालं, १७३७ला त्याचं रीतसर उद्घाटन झालं. आज सव्वा लाखाच्या आसपास वस्तीच्या या गावात सायकलवर दिसणारा दर चौथा-पाचवा माणूस विद्यार्थीच असावा. जुन्या नगरभवनाच्या तळघरातल्या खाणावळीशी एक लॅटिन ओळ आहे. तिचा अर्थ: ग्योटिंगेनबाहेर जीवन नाही, आणि असलंच तर असं नाही. मी ती ह्यांना वाचून दाखवली. "सदाशिव पेठेतल्याच कुणीतरी लिहिली असणार," हे म्हणाले.

जेवायला काय, हा प्रश्न होताच. इथले सॉसेज पूर्वापार नावाजलेले. हाइन्रिख हाइने हा कवी इथे कायदा शिकायला होता. द्वंद्वयुद्धाच्या भानगडीत १८२१मध्ये त्याला विद्यापीठातून काही काळासाठी काढलं होतं. तो परत आला, १८२५मध्ये पदवी घेतली. त्यानेच लिहिलं की हे गाव सॉसेजसाठी आणि विद्यापीठासाठी प्रसिद्ध आहे. क्रम लक्षात घ्या. आम्हा दोघांना सॉसेज चालत नाही, म्हणून शतावरीचे पांढरे कोंब उकडून, बटाटे आणि लोण्याच्या सॉसबरोबर खाल्ले. ह्यांचं मत: शेवग्याची शेंग सोलून, तिखट-मीठ विसरून केली तर अशी लागेल.

दुसरा दिवस

आजचा दिवस ह्यांचा. सकाळी आठलाच बूट घालून तयार. लग्नालाही इतक्या वेळेवर नव्हते.

आधी वेधशाळा. गाइस्मार रस्त्यावरची पिवळसर, ठेंगणी, खांबांची इमारत, मधोमध घुमट. थोर गणिती कार्ल फ्रीड्रिख गाउस १८०७मध्ये ग्योटिंगेनला आला, ही इमारत १८१६मध्ये पुरी झाली, आणि मग १८५५ला मरेपर्यंत तो इथेच राहिला, इथेच काम केलं. युरो यायच्या आधी १० मार्कांच्या नोटेवर हाच होता. भाचीने ती नोट पाकिटात जपून ठेवली आहे, बाकीचं पाकीट रिकामंच असतं.

विल्हेल्म वेबर १८३१मध्ये इथे भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. वय सत्तावीस, गाउस चोपन्नचा. एक वेधशाळेत, दुसरा गावात आपल्या प्रयोगशाळेत, आणि दोघे मिळून चुंबकत्वाची मापनं करत होते. सारखं इकडून तिकडे निरोप पाठवायचे कसे? म्हणून १८३३मध्ये वेबरने घरांच्या छपरांवरून आणि सेंट योहानिस चर्चच्या मनोऱ्यांवरून तांब्याची दुहेरी तार ओढून नेली, किलोमीटरभर. एका टोकाला विद्युतप्रवाह उलटसुलट केला की दुसऱ्या टोकाचा टांगलेला चुंबक डावीकडे किंवा उजवीकडे हलायचा. डावं-उजवं, डावं-उजवं यांच्या जुळणीतून अक्षरं.

"म्हणजे मोर्सच्या आधी," हे म्हणाले. वेधशाळेकडे तोंड करून उभे होते. मी काही बोलले नाही. जुलै २०१३मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली त्या रात्री हे असेच गॅलरीत उभे होते.

आमच्या लहानपणी दारात तारवाला दिसला की घरात आधी रडारड व्हायची, तार मग वाचायची. लग्नाच्या शुभेच्छांचा अख्खा मजकूर नुसत्या एका आकड्यात जायचा. ह्यांना ते आकडे अजून पाठ आहेत, बायकोचा वाढदिवस नाही.

ग्योटिंगेनच्या तारेवरून गेलेल्या पहिल्या निरोपाबद्दल एक आख्यायिका सांगतात. मिखेलमान नावाचा शिपाई होता. त्याला वेबरने गाउसकडे पिटाळलं आणि तारेवरून कळवलं: मिखेलमान येतोय. मिखेलमान पोचायच्या आधी तार पोचली. खरं-खोटं देव जाणे, पण हे ऐकून ह्यांना जो आनंद झाला तो बघण्यासारखा होता. "म्हणजे जगातली पहिली तार शिपायाविषयी होती!" दिवसभर तेच. दुकानात, बसथांब्यावर, शेवटी कॉफी पिताना माझ्याकडे बघून, "मिखेलमान येतोय."

त्या तारेच्या मार्गाने आम्ही चालत गेलो. वेधशाळेतून निघून योहानिस चर्च गाठेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं लागली, त्यात दोनदा बाकावर बसलो. मनोरे मान मोडेल इतके उंच. वर पूर्वी पहारेकऱ्याची खोली होती आणि नंतर कित्येक वर्षं तिथे विद्यार्थी राहायचे. दुधाची पिशवी आणायला विसरलं तर काय करत असतील हा विचार माझ्या मनातून जाईना.

पुढे तटावर आलो. जुन्या गावाभोवतीचा मातीचा तट आता झाडांनी झाकलेला फिरण्याचा रस्ता झालाय. तिथे दोघांचा पुतळा आहे, १८९९चा. गाउस बसलेला, वेबर उभा. ह्यांनी बराच वेळ बघून निकाल दिला, "साहेब बसलेत, आणि काम उभा आहे तो करतोय. कुठल्याही खात्यात असंच."

चेष्टा होती, पण तिच्यामागे एक गोष्ट आहे आणि ती मला संध्याकाळपर्यंत टोचत राहिली. त्या सात प्राध्यापकांत वेबर होता. हाइन्रिख एवाल्ड हा पौर्वात्य भाषांचा पंडितही होता आणि तो गाउसचा जावई. म्हणजे गाउसचा सहकारी गेला, जावई गेला, लेक त्याच्याबरोबर गावाबाहेर गेली. गाउसने सही केली नव्हती. साठीचा माणूस, घरात म्हातारी आई, राजकारणाची नावड. कारणं देता येतात. पण तारेचं काम तिथेच थंडावलं. पुढे वेबर आणि एवाल्ड परत आले, १८४८-४९च्या सुमाराला. तोवर तार उरली नव्हती, १८४५मध्ये वीज पडून ती नष्ट झाली होती.

तटावरच थोडं पुढे एक बुटका गोल बुरूज. तरुण बिस्मार्क १८३३मध्ये इथे राहायचा. कायद्याचा विद्यार्थी, पण ख्याती दारू आणि द्वंद्वयुद्धांची. गावातून हाकलला म्हणून तटावर खोली घेतली, अशी गोष्ट सांगतात. आत डोकावून पाच मिनिटांत निघालो. जर्मनी एक करणाऱ्या माणसाची खोली आमच्या कोठीच्या खोलीएवढी निघाली, याहून जास्त काही वाटलं नाही.

गाउसची कबर एका छोट्या बागेत आहे, पूर्वी ते कब्रस्तान होतं. शेजारी तळं, तळ्यात बदकं, कबरीजवळच्या हिरवळीवर मुलं आइस्क्रीम खात होती. भाचीने तिथे बसून मेंदूची गोष्ट सांगितली. गाउस गेल्यावर त्याचा मेंदू अभ्यासासाठी काढून विद्यापीठाच्या संग्रहात ठेवला. दीडशेहून जास्त वर्षं शास्त्रज्ञ त्याच्या वळ्या बघून बुद्धिमत्तेचं रहस्य शोधत होते. २०१३मध्ये कळलं की बरण्यांची अदलाबदल झाली होती आणि ज्याला गाउसचा मेंदू समजत होते तो त्याच वर्षी मेलेल्या एका डॉक्टरचा होता. "आमच्या ऑफिसात तार चुकीच्या पत्त्यावर गेली तर मेमो मिळायचा," हे म्हणाले.

तिसरा दिवस

आज माझा दिवस. पण माझ्या माणसाचा पुतळा नाही, नोट नाही, मेंदूही नाही. त्याला भेटायचं तर पुस्तकांत.

फ्रान्त्स कीलहॉर्न. ओस्नाब्र्युकला १८४०मध्ये जन्म, याच ग्योटिंगेनमध्ये तेओडोर बेन्फायच्या हाताखाली संस्कृत शिकला, आणि १८६६मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी पुण्याला डेक्कन कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून आला. पुढची पंधरा वर्षं तो पुण्यात होता. कॉलेज येरवड्याच्या नव्या इमारतीत गेलं ते याच काळात. टिळक, आगरकर तिथे शिकत होते तेव्हा संस्कृत विभागात हा जर्मन होता. शास्त्रीबुवांपुढे बसून त्याने व्याकरण परंपरेच्या पद्धतीने घोकलं. नागोजीभट्टाचा परिभाषेंदुशेखर संपादून इंग्रजीत आणला. त्या वाटेला जायला आपल्याकडचे पदवीधरही कचरतात, मी स्वतः दोनदा अर्ध्यात सोडला आहे.

आणि मग महाभाष्य. पतंजलीचं व्याकरणमहाभाष्य, हस्तलिखितं ताडून, पाठभेद नोंदवून, तीन खंडांत. पहिला १८८०चा, तिसरा १८८५चा. मधल्या काळात तो पुण्याहून परतला होता, कारण बेन्फाय वारला आणि १८८२मध्ये ग्योटिंगेनची जागा याच्याकडे आली. डेक्कन कॉलेजातल्या त्याच्या जागी त्याच वर्षी आले रामकृष्ण गोपाळ भांडारकर. आणि १८८५मध्ये भांडारकरांना सन्मान्य डॉक्टरेट दिली ती ग्योटिंगेनने. आपण भांडारकर इन्स्टिट्यूटवरून रोज जातो आणि 'डॉक्टर भांडारकर' म्हणतो. त्यांचं ते डॉक्टरपण या गावाचं आहे. हे मी भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यांनी लीझेलचा मुका घेतला का?" तो प्रकार काय ते पुढे येईल.

भाचीने आपल्या कार्डावर महाभाष्याचा पहिला खंड मागवून ठेवला होता. वाचनकक्षात मोठी टेबलं, हिरवट दिवे, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. पुस्तक आलं. कागद पिवळा, कडा ठिसूळ. मुखपृष्ठावर प्रकाशनस्थळ: मुंबई, गव्हर्न्मेंट सेंट्रल बुक डेपो. पान उलटलं आणि समोर आपल्या मुंबईतले देवनागरी खिळे: अथ शब्दानुशासनम्.

मी हे शब्द शेकडो वेळा म्हटले असतील. फळ्यावर लिहिले असतील. पण मुंबईत छापलेलं पुस्तक, जर्मन माणसाने पुण्यात बसून शुद्ध केलेला पाठ, आणि तो वाचायला मी पुण्याहून जर्मनीत, हे जरा डोक्यावरून गेलं. शेजारच्या मुलाने विचारलं ठीक आहात ना. चष्मा पुसत होते, एवढंच. याच आवृत्तीची नंतरची, काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी सुधारलेली प्रत माझ्या कपाटात आहे. तिला मी गेली दहा वर्षं नीट पुसलेलीही नाही.

१९०८मध्ये कीलहॉर्न गेल्यावर त्याच्या संग्रहातली संस्कृत हस्तलिखितं याच ग्रंथालयाकडे आली. ती आधी परवानगी काढल्याशिवाय बघता येत नाहीत, आणि मला ते आधी सुचलं नव्हतं. चूक माझी.

ग्योटिंगेनमध्ये बसून हा माणूस पुढे ताम्रपट आणि शिलालेख वाचत राहिला. कलचुरी-चेदी शकाचा आरंभ नेमका कोणत्या साली, हा गुंता त्याने सोडवला. आणि ऐहोळेचा शिलालेखही त्याने संपादला. दुसऱ्या पुलकेशीची ती प्रशस्ती, शके ५५६ची, तिच्यात तीन 'महाराष्ट्रकं' आणि त्यांची ९९ हजार गावं येतात. आपल्या नावाचा इतका जुना उल्लेख, आणि त्याचे ठसे या पावसाळी गावात कुणीतरी भिंग लावून वाचत बसलं होतं.

त्याच्या गुरूची, बेन्फायची गोष्ट मात्र कडू आहे. पंचतंत्राचं जर्मन भाषांतर त्याने १८५९मध्ये केलं आणि मोठ्या प्रस्तावनेत दाखवलं की युरोपातल्या कितीतरी गोष्टी हिंदुस्थानातून अरबी-फारसीच्या वाटेने इकडे आल्या. हा ग्योटिंगेनमध्ये शिकवायला लागला तेव्हा ग्रिम बंधूही याच गावात होते. पण बेन्फाय ज्यू होता. वर्षानुवर्षं जवळजवळ बिनपगारी शिकवलं. १८४८मध्ये धर्म बदलल्यावर कुठे दुय्यम दर्जाचं प्राध्यापकपद मिळालं, पूर्ण प्राध्यापक व्हायला १८६२ उजाडलं. तोवर वय पन्नाशीच्या पुढे.

जुनं ग्रंथालय आणि पाउलिनर चर्च एकाच आवारात आहेत. डोरोतेआ श्ल्योत्सरला १७८७मध्ये विद्यापीठाच्या पन्नासाव्या वर्षी डॉक्टरेट मिळाली. वय सतरा, आणि तत्त्वज्ञान शाखेची डॉक्टरेट मिळवणारी जर्मनीतली ती पहिली स्त्री. समारंभ या चर्चमध्ये झाला. अविवाहित मुलीने तिथे जाणं शिष्टसंमत नव्हतं, म्हणून स्वतःच्याच नावाची घोषणा तिने ग्रंथालयाच्या बाजूने, फुटक्या काचेतून ऐकली असं सांगतात. भाची खिडक्यांकडे बघत उभी राहिली. दोन दिवसांनी तिचा व्हायव्हा होता. मी म्हटलं, "चल, केक खाऊ." झाडाच्या खोडासारखे गोल पदर असलेला केक इथे चांगला मिळतो. तिने तीन तुकडे खाल्ले.

चौथा दिवस

सकाळपासून पाऊस. कब्रस्तानात जायला उत्तम हवा.

भाची तयारीत होती, म्हणून आम्ही दोघेच निघालो आणि अर्थात दोन थांबे आधीच उतरलो. भिजत, भांडत, पश्चिमेकडच्या त्या मोठ्या दफनभूमीत पोचलो. बागच ती, जुने वृक्ष आणि मधे तळं. नोबेल मिळालेले आठ जण इथे आहेत: प्लांक, बोर्न, हान, लाउए, नेर्न्स्ट, वालाख, विंडाउस, झिग्मोंडी. एका गल्लीत आठ मातब्बर म्हटले तर आपल्याकडे नगरसेवकाचा फलक लागला असता.

माक्स प्लांकच्या उभ्या शिळेवर नाव, आणि तळाशी त्याचा स्थिरांक, 'एच'ची किंमत. बस. हा माणूस इथला नव्हता. बर्लिनचं घर बॉम्बहल्ल्यात गेलं, पुस्तकं गेली, हिटलरला मारण्याच्या कटावरून मुलाला १९४५च्या जानेवारीत फाशी झाली, आणि युद्ध संपता संपता म्हातारपणी तो ग्योटिंगेनला पोचला. १९४७मध्ये वारला. ओटो हानच्या दगडावर युरेनियम आणि न्यूट्रॉनचं समीकरण. डाव्हीड हिल्बर्टच्या दगडावर दोन वाक्यं: आपल्याला कळलंच पाहिजे, आपल्याला कळेल. गणितात न सुटणारं काही नाही, या त्याच्या श्रद्धेची ती वाक्यं.

माक्स बोर्नच्या कबरीवर 'पी गुणिले क्यू वजा क्यू गुणिले पी' असं सुरू होणारं सूत्र आहे. भाचीने आदल्या रात्री समजावलं होतं: अणूच्या जगात दोन मापनांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. मला ते लगेच पटलं. पाणिनीच्या सूत्रांत तरी दुसरं काय आहे, आधी कोणतं लावायचं यावरच रूप ठरतं. हायझेनबर्ग १९२५मध्ये याच बोर्नचा साहाय्यक होता, ओपेनहायमरने १९२७मध्ये डॉक्टरेट केली ती बोर्नकडे.

आणि १९३३मध्ये बोर्नला घरी बसवलं, ज्यू म्हणून. काही महिन्यांत विद्यापीठ रिकामं झालं. जेम्स फ्रांक पहिल्या महायुद्धात लढलेला, म्हणून त्याला नोकरीवर राहता आलं असतं. त्याने निषेध म्हणून स्वतः राजीनामा दिला. गणिती एमी न्योटरला हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी १९१५मध्ये आणलं होतं, पण बाईला शिकवण्याची परवानगी नाही म्हणून चार वर्षं तिची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावाने लागायची. ती गेली अमेरिकेला, दोन वर्षांत तिथेच वारली. तिची रक्षा तिकडे, ब्रिन मॉरला आहे, इथे नाही. त्याच १९३३च्या १० मे रोजी गावात पुस्तकांची होळी झाली, गाउसच्या बागेशेजारच्या चौकात. देशभर पेटलेल्या त्या होळ्यांत हाइनेची पुस्तकंही होती.

पुढच्या वर्षी नाझी शिक्षणमंत्र्याने जेवणाच्या टेबलावर हिल्बर्टला विचारलं म्हणे, ज्यूंच्या प्रभावातून मोकळं झाल्यावर ग्योटिंगेनचं गणित कसं चाललंय? हिल्बर्ट म्हणाला, गणित? ते आता इथे नाहीच.

बोर्न केंब्रिजमार्गे १९३५मध्ये बंगळूरला आला होता, रामन यांच्या बोलावण्यावरून. विज्ञान संस्थेत सहा महिने राहिला, पण कायमची जागा काही झाली नाही, आणि तो एडिंबराला गेला. म्हातारपणी जर्मनीला परतला, १९७०मध्ये ग्योटिंगेनला वारला. ज्यांनी हाकललं त्यांच्यात परत कसा आला असेल, असं मी ह्यांना विचारलं. हे छत्री धरून उभे होते. "पेन्शन इथे अडकली असेल," म्हणाले. मला राग आला. परतताना बसमध्ये मात्र हेच खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बदली कुठेही झाली तरी माणूस निवृत्त व्हायला आपल्याच गावात येतो ना."

लू आंद्रेआस-सालोमेही याच दफनभूमीत नवऱ्याजवळ आहे. नीत्शे, रिल्के, फ्रॉइड ही ज्या बाईची मित्रमंडळी, ती १९०३पासून याच गावात राहत होती, कारण नवरा इथे इराणी भाषांचा प्राध्यापक. पावसात ती जागा आम्हाला सापडली नाही.

पाचवा दिवस

व्हायव्हा दुपारी दोनला. आम्हाला आत बसू दिलं. पाऊण तास प्रवाही पदार्थांतल्या भोवऱ्यांबद्दल ती बोलली, मला 'धन्यवाद' तेवढं कळलं. मग परीक्षकांचे प्रश्न, मग सगळ्यांना बाहेर काढलं. त्या पंधरा मिनिटांत मी रामरक्षा दोनदा म्हटली. दार उघडलं, हस्तांदोलनं झाली, आणि तिच्या मित्रांनी तिच्या डोक्यावर पुठ्ठ्याची चौकोनी टोपी चढवली. ही टोपी प्रयोगशाळेतली पोरं चोरून बनवतात आणि तिच्यावर प्रबंधाशी नि माणसाशी निगडित वस्तू चिकटवतात: छोटा पंखा, नळी, चहाचा गाळणा, वडापावचा फोटो. आणि मधोमध पितळी मोर्सची चावी. ही आमच्या माळ्यावरची! पुण्याहून ह्यांनी ती मोज्यांत गुंडाळून आणली होती आणि मला पत्ता नव्हता.

मग तिला सजवलेल्या हातगाडीत बसवून मित्रांनी ती गावातून ओढत नेली. ताम्हन वाजवावं तसे डबे वाजवत, नगरभवनासमोरच्या कारंज्यापर्यंत. तिथे १९०१पासून लीझेल उभी आहे, हंस राखणारी पोर, ब्राँझची, फुलं-वेलींच्या लोखंडी कमानीखाली. मूळ पुतळा आता संग्रहालयात आहे, चौकात प्रतिकृती. नव्या डॉक्टरने कारंजावर चढून तिला फुलं द्यायची आणि गालाचा मुका घ्यायचा. १९२६मध्ये नगरपालिकेने यावर बंदी आणली. एक विद्यार्थी कोर्टात गेला आणि हरला. पण ती बंदी कुणी पाळलीच नाही.

भाची टोपी सावरत वर चढली. साडी नेसायचा हट्ट तिचाच, आता पदर कमानीत अडकला. खालून पंधरा भाषांत सूचना येत होत्या. मी ओरडले, "आधी पदर खोच!" तिने खोचला, फुलं लीझेलच्या हातात खुपसली, मुका घेतला. टाळ्या. टोपी घसरून खाली आली ती ह्यांनी वरच्या वर झेलली.

मी फोटो काढायला वळले तर हे कारंज्याच्या काठावर बसलेले, टोपी मांडीवर, आणि चावीवर बोट. कट्ट, कडकट्ट, कट्ट. दोन पोरं समोर उकिडवी बसून बघत होती.

"काय पाठवताय?" मी विचारलं.

"मिखेलमान आला."